ट्रॅक्वेअरचे फाटक आणि चोरजिना

स्कॉटलंडमधील ट्वीड नदीकाठची ट्रॅक्वेअर ही सरंजामी जहागीर १४९१ मध्ये जेम्स स्टुअर्ट यांच्या हाती आली. १५१३ साली ते फ्लॉडनच्या लढाईत पडले. वाडा मात्र वंशजांनी राखला. पुढे कॅथलिक उपासनेवर बंदी असता येथे वरच्या मजल्यावर गुप्तपणे मिस्सा होई. धर्मगुरूंना निसटण्यासाठी चोरजिना होता.

१७४५ मध्ये राजपुत्र चार्ल्स निरोप घेऊन गेले आणि अस्वलांच्या पुतळ्यांचे फाटक मिटले. स्टुअर्ट राजा गादीवर येईपर्यंत ते उघडायचे नाही, अशी आख्यायिका आहे. राजा आला नाही. १८२९ च्या कॅथलिक मुक्ती कायद्यानंतर मात्र वाड्यात उघड चॅपल झाले. २००४ मध्ये सरंजामी जमीनपद्धतीही संपली.

आम्हांस वाटते, जहागिरी कायद्याने येतात व कायद्यानेच जातात. चोरजिन्याआड जपलेली श्रद्धा तेवढी उरते.