एकाच ब्लॉकची तीन इंजिने

गोंदियाहून नवेगावबांधकडे जाणारा रस्ता कोहमारा येथे नागपूर-रायपूर महामार्ग ओलांडतो. या महामार्गाचा क्रमांक पूर्वी ६ होता, आता ५३ आहे. अशा फाट्यांवर मालमोटारी, ट्रॅक्टर आणि जुन्या जीपगाड्या यांची इंजिने खोलणारे मिस्त्री हमखास असतात. इंजिन खोलून, झिजलेले भाग बदलून ते पुन्हा जोडण्याला त्यांच्या भाषेत ‘इंजिन बांधणे’ म्हणतात. बांधलेली गाडी घेऊन निघालेला मालक पहिल्या चढावर खूश होतो आणि म्हणतो, ‘बोअर केल्यावर पिकअप वाढला.’

खरोखर वाढतो का? शिक्षकांनी हे गणित नववी-दहावीच्या मुलांकडून जरूर करून घ्यावे. जुन्या पेट्रोल जीपच्या सिलिंडरचा व्यास ३.१२५ इंच, म्हणजे ७९.४ मिलिमीटर. तो झिजून वाकडातिकडा झाला की यंत्रावर तासून मोठा करतात आणि त्यात मोठा दट्ट्या, म्हणजे पिस्टन, घालतात. ‘चाळीस ओव्हर’ म्हणजे व्यासात ४० सहस्रांश इंचाची वाढ. नवा व्यास झाला ३.१६५ इंच. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून इंजिनाचे आकारमान २१९९ घन सेंटिमीटरवरून सुमारे २२५६ वर जाते. वाढ अवघी अडीच टक्क्यांच्या आसपास. एवढा फरक चालकाला जाणवणे कठीण. त्याला जाणवते ती झिजेमुळे गमावलेली आणि आता परत मिळालेली ताकद.

मग इंजिनाची ताकद मुळात वाढते कशाने? या प्रश्नाचे उत्तर जीपच्याच इतिहासात इतक्या स्वच्छपणे लिहिलेले आहे, की पाठ्यपुस्तकासाठी कोणी मुद्दाम रचले असावे असे वाटते.

अमेरिकेत ओहायो राज्यातील टोलेडो येथे विलीज-ओव्हरलँड हा मोटारींचा कारखाना होता. १९२६ साली त्याने व्हिपेट नावाची स्वस्त मोटार काढली. तिच्या चार सिलिंडरांच्या इंजिनाचा व्यास होता ३.१२५ इंच आणि दट्ट्याची धाव, म्हणजे स्ट्रोक, ४.३७५ इंच. ही दोन मापे पुढची कित्येक दशके टिकली. १९३८ साली डेल्मर रूस हे अभियंते विलीजमध्ये आले, तेव्हा हे इंजिन मिनिटाला ३२०० फेऱ्यांवर ४८ अश्वशक्ती देत होते. नवे इंजिन उभारायला कंपनीजवळ पैसा नव्हता. रूस यांनी जुनेच हाती घेतले. सुट्या भागांच्या मापांतील ढिलाई कमी केली, अधिक चिवट मिश्रधातू वापरले, ॲल्युमिनियमचे दट्ट्ये घातले, गतिचक्र हलके केले. निष्पत्ती अशी, की ते इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर ६० अश्वशक्ती देऊ लागले.

आता येथे थोडे थांबावे. ६० भागिले ४८ म्हणजे १.२५. आणि ४००० भागिले ३२०० हेही १.२५! शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले कोनीय वेग. दोन्ही वेळचा टॉर्क काढला तर तो सुमारे १०७ न्यूटन-मीटर असा एकच येतो. दर फेऱ्याला मिळणारे कार्य तेवढेच राहिले, फेरे तेवढे वाढले. मग रूस यांनी केले काय? त्यांनी इंजिनाला जास्त फेरे सोसायला शिकवले. दट्ट्या वर-खाली होताना धावेच्या टोकाला थांबतो आणि उलटा फिरतो. त्या क्षणीचे त्वरण फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फेरे सव्वापट झाले की कनेक्टिंग रॉडवरचा ताण दीडपटीहून अधिक. ४००० फेऱ्यांना हे त्वरण गुरुत्वत्वरणाच्या हजारपटीच्या घरात पोचते. दट्ट्या अर्धा किलोचा धरला, तर तो रॉडला जवळजवळ ५००० न्यूटन बलाने ओढतो, आणि असे मिनिटाला चार हजार वेळा. दट्ट्या हलका करणे आणि धातू चिवट करणे यांना एवढे महत्त्व का, ते यावरून कळते.

१९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना गती असलेली गाडी हवी होती. बँटम, विलीज आणि फोर्ड या तिघांच्या गाड्यांत विलीजचे इंजिन सर्वांत जोरकस ठरले. गाडी मात्र लष्कराने घातलेल्या वजनाच्या मर्यादेबाहेर जात होती. इंजिन लहान करण्याऐवजी रूस यांनी बोल्टांची जादा लांबी आणि रंगाचे थरसुद्धा कमी केले असे सांगतात. ‘गो-डेव्हिल’ या नावाने प्रसिद्ध झालेले ते इंजिन घेऊन महायुद्धात विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या निघाल्या.

तिसरी पायरी १९५० ची. गो-डेव्हिलच्या दोन्ही झडपा सिलिंडरच्या बाजूला, ब्लॉकमध्येच होत्या. हवा-पेट्रोलचे मिश्रण बाजूने वर येई आणि वळण घेऊन सिलिंडरमध्ये शिरे. जोराच्या वेगात इंजिनाला पुरेसा श्वासच मिळत नसे. ‘हरिकेन’ या नव्या रूपात आत घेणारी झडप मोठी करून दट्ट्याच्या डोक्यावर आणली. बाहेर सोडणारी होती तेथेच राहिली. ब्लॉकची मापे तीच, कमाल शक्तीचे फेरेही तेच ४०००, आणि शक्ती झाली ७५ अश्वशक्तीपर्यंत. पुन्हा सव्वापट! पण या वेळी फेरे वाढलेले नाहीत. टॉर्क १०७ वरून १३४ न्यूटन-मीटरच्या जवळ गेला. थोडा वाटा दाब वाढवण्याचा होता, मोठा वाटा मोकळ्या श्वासाचा.

या बदलाची खूण आपल्याकडे रस्त्यावर उभी आहे. वर झडप आली म्हणून इंजिन उंच झाले, म्हणून १९५३ च्या सीजे-३बी या जीपचे बॉनेट उंच करावे लागले. महिंद्र कंपनीने हीच गाडी भारतात बनवली. अमेरिकेत ती १९६८ साली बंद झाली, आपल्याकडे तिचे वंशज त्यानंतरही अनेक वर्षे निघत राहिले. उंच कपाळाची जुनी जीप दिसली, की आतल्या झडपेची जागा बॉनेट न उघडताही सांगता येते.

अमेरिकेत ताकदीचा पुढचा मार्ग वेगळा निघाला. १९६४ साली पाँटिॲकने मध्यम आकाराच्या गाडीत ६.४ लिटरचे आठ सिलिंडरांचे इंजिन बसवून जीटीओ काढली, आणि पुढे ‘मसल कार’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार लोकप्रिय झाला. जीपच्या जवळजवळ तिप्पट आकारमान. ती इंजिने घराच्या गॅरेजात खोलून अधिक जोरकस करणे हा तिकडे एक छंदच आहे. पेट्रोल स्वस्त असले की विज्ञानालाही सोपे उत्तर सुचते, असे आमचे मत आहे. आपल्याला ती चैन नव्हती. आपल्या मिस्त्र्यांचे कौशल्य गाडी चालती ठेवण्यात खर्ची पडले.

युद्धानंतर अमेरिकी लष्कराच्या जीपगाड्या ‘डिस्पोजल’मध्ये विकल्या गेल्या. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने त्याच दशकाच्या अखेरीस मुंबईत जीपची जुळणी सुरू केली. ‘दुरुस्त करून दिलेले’ या शब्दांवर किती भिस्त ठेवावी याचा धडाही त्याच काळात मिळाला. काश्मीरच्या लढाईसाठी १९४८ साली लंडनमधून पुनर्बांधणी केलेल्या जीपगाड्या मागवण्यात आल्या. त्यांतल्या १५५ मद्रासला उतरल्या, तेव्हा त्या वापरण्याजोग्या नाहीत असे लष्कराला आढळले. त्यावर संसदेत मोठे वादळ झाले.

इंजिन बांधले आहे की नुसते रंगवले आहे, हे मापाने कळते. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. दट्ट्याची सर्वांत वरची रिंग जेथे थांबून परतते तेथे झीज जास्त, कारण तेथे दाब आणि उष्णता सर्वाधिक आणि तेलाचा थर सर्वांत पातळ. म्हणून चांगला मिस्त्री सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली, शिवाय प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी मोजतो. एक सोपी तपासणी तर शाळेतही समजावून देण्यासारखी आहे. प्लग काढून त्या जागी दाबमापक लावायचा आणि इंजिन स्टार्टरने फिरवायचे. एका सिलिंडरचा दाब कमी आला, तर त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर दोष रिंगांत किंवा सिलिंडरच्या भिंतीत, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजवली. वाढला नाही तर संशय झडपांवर किंवा गॅस्केटवर. एका चमचा तेलाने दोन कारणे वेगळी केली! नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, याचे याहून स्वस्त उदाहरण आम्हाला ठाऊक नाही.

बाकीचे काम घरच्या पडवीतही होते, पण सिलिंडर तासणे आणि क्रँक घासणे यांना यंत्र लागते. कोहमाऱ्यासारख्या गावात खोललेले इंजिन त्यासाठी गोंदिया-नागपूरसारख्या मोठ्या ठिकाणी जाते आणि परत येऊन बांधले जाते. ताकद वाढवायच्या हौसेने कोणी हेड जास्त घासून दाब वाढवायला सांगतो. सिद्धान्ताने पाहिले, तर दाबाचे गुणोत्तर ६.५ वरून ७.५ केल्यास कार्यक्षमता सुमारे पाच टक्क्यांनी वाढते. मात्र पेट्रोल ते सोसणारे नसेल, तर ते अवेळी पेटून ठोके ऐकू येतात आणि दट्ट्या फुटू शकतो. तीन बेअरिंगांवर फिरणाऱ्या या जुन्या क्रँकवरचा वाढीव भार निराळाच.

१९७३ च्या तेलसंकटानंतर मात्र सगळे गणित बदलले. पेट्रोल महागले, डिझेल सरकारी धोरणामुळे स्वस्त राहिले, आणि पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. १९७९ साली महिंद्रने फ्रान्सच्या प्युजो कंपनीशी २११२ घन सेंटिमीटरच्या डिझेल इंजिनासाठी करार केला. नाशिक जिल्ह्यात इगतपुरीला ती इंजिने बनू लागली. त्याची शक्ती साठ-बासष्ट अश्वशक्ती, म्हणजे हरिकेनपेक्षा कमीच. तरीही मालकाने त्याला सुधारणाच म्हटले. त्याच्या लेखी सुधारणेचे माप किलोमीटरमागे पडणारे पैसे हे होते, आणि ते चुकीचे नव्हते. पेट्रोलवरील किंमत नियंत्रण २०१० साली आणि डिझेलवरील २०१४ साली उठले, तेव्हा त्या हिशेबातली मोठी बाजू गेली.

कायद्यानेही वाट अरुंद केली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीत परस्पर फेरफार करता येत नाही, आणि उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. आरसी पुस्तकातला इंजिन क्रमांक ब्लॉकवर कोरलेला असतो. त्यामुळे चाळीस ओव्हरची मर्यादाही संपलेला ब्लॉक जाणता मिस्त्री भंगारात टाकत नाही. सिलिंडर आणखी तासून त्यात लायनर ठोकतो आणि व्यास पुन्हा ३.१२५ इंचावर आणतो. ब्लॉक तोच, क्रमांकही तोच.