पौगंडावस्थेतील मेंदूचा व सामाजिक विकास

बाल्यावस्था व प्रौढावस्था यांना जोडणाऱ्या विकासाच्या कालखंडास पौगंडावस्था म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ वर्षे या वयोगटास पौगंडावस्थेतील मानते. या काळात शरीराबरोबरच मेंदूचीही पुनर्रचना होते आणि कुटुंब, मित्र व समाज यांच्याशी असलेले व्यक्तीचे नाते बदलते. या दोन्ही प्रक्रिया परस्परांवर अवलंबून असतात.

संज्ञा

संस्कृत परंपरेत ‘पौगंड’ हा शब्द साधारणतः ५ ते १० वर्षे वयासाठी आणि ‘कैशोर’ हा शब्द त्यापुढील १५ वर्षांपर्यंतच्या वयासाठी योजलेला आढळतो. आधुनिक मराठी लेखनात मात्र पौगंडावस्था, किशोरावस्था व कुमारवय हे शब्द बहुधा समानार्थी वापरले जातात. वयात येणे ही लैंगिक परिपक्वतेची शारीरिक प्रक्रिया होय. पौगंडावस्था ही तिच्याहून व्यापक संकल्पना आहे.

अभ्यासाचा इतिहास

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅनले हॉल यांनी १९०४ साली या विषयावर द्विखंडात्मक ग्रंथ प्रसिद्ध केला. पौगंडावस्था हा स्वभावतःच वादळी व तणावाचा काळ असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मानवशास्त्रज्ञ मार्गारेट मीड यांनी १९२८ साली सामोआतील मुलींच्या अभ्यासाच्या आधारे हे मत खोडून काढले. हा तणाव निसर्गापेक्षा संस्कृतीतून उद्भवतो, असे त्यांनी मांडले. त्यांच्या निष्कर्षांवर डेरेक फ्रीमन यांनी १९८३ साली आक्षेप घेतले. एरिक एरिक्सन यांनी ‘मी कोण’ या प्रश्नाचे उत्तर शोधणे हे या वयाचे प्रमुख कार्य मानले.

प्रत्यक्ष मेंदूच्या अभ्यासास नंतर चालना मिळाली. पीटर हटनलोकर यांनी १९७९ साली मृत व्यक्तींच्या मेंदूंचे परीक्षण करून चेतापेशींमधील जोडण्यांची घनता बाल्यानंतर घटते, असे दाखवले. एमआरआय तंत्रामुळे जिवंत मुलांच्या मेंदूची वर्षानुवर्षे निरीक्षणे घेणे शक्य झाले. जे गीड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली असा अभ्यास प्रसिद्ध केला.

मेंदूतील बदल

वयाच्या सहाव्या वर्षापर्यंत मेंदूचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे ९० टक्के झालेला असतो. त्यामुळे पौगंडावस्थेतील बदल हे आकारमानापेक्षा रचनेचे असतात. ते मुख्यतः दोन प्रकारचे आहेत.

पहिला बदल म्हणजे जोडण्यांची छाटणी. बाल्यात चेतापेशींमध्ये गरजेपेक्षा अधिक जोडण्या तयार होतात. ज्या वापरात राहतात त्या बळकट होतात व उरलेल्या नाहीशा होतात. गीड यांच्या अभ्यासात ललाटखंडातील करडे द्रव्य मुलींमध्ये सुमारे ११ व मुलांमध्ये सुमारे १२ व्या वर्षी सर्वाधिक असून पुढे घटत जाते, असे आढळले. दुसरा बदल म्हणजे चेतातंतूंभोवती मायलिन या स्निग्ध आवरणाची वाढ. यामुळे संदेशवहनाचा वेग वाढतो.

मेंदूचे सर्व भाग एकाच वेळी परिपक्व होत नाहीत. हालचाल व संवेदना यांच्याशी संबंधित भाग आधी, तर नियोजन, संयम व परिणामांचा विचार यांत महत्त्वाचा असलेला अग्रललाट भाग उशिरा परिपक्व होतो. त्याउलट, सुखाच्या अपेक्षेशी संबंधित असलेली स्ट्रायटम इत्यादी केंद्रे या वयात विशेष संवेदनशील असतात. या तफावतीतून साहसाची ओढ व उतावळेपणा यांचा अर्थ लावला जातो. तथापि, हीच संवेदनशीलता नवीन कौशल्ये शिकण्यास व अनोळखी परिस्थितीशी जुळवून घेण्यासही साहाय्य करते.

सामाजिक विकास

या वयात मुले आईवडिलांपेक्षा समवयस्कांच्या मताला अधिक महत्त्व देऊ लागतात. मार्गो गार्डनर व लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्तींना संगणकावर मोटार चालवण्याचा खेळ दिला. सिग्नलचा दिवा पिवळा झाल्यावर गाडी किती पुढे न्यायची, हे खेळाडूने ठरवायचे होते. १३ ते १६ वर्षांची मुले समवयस्क सोबत असताना एकट्याने खेळण्याच्या तुलनेत बराच अधिक धोका पत्करत. २४ वर्षांवरील व्यक्तींमध्ये असा फरक आढळला नाही. म्हणजेच धोक्याचे ज्ञान नसणे हे धाडसाचे एकमेव कारण नव्हे.

समवयस्कांनी वगळल्याचे दुःखही या वयात तीव्रतेने जाणवते. दुसऱ्याचा दृष्टिकोन समजून घेण्याची क्षमता मात्र याच काळात वाढत असते. ब्रिटिश चेतावैज्ञानिक सारा-जेन ब्लेकमोर यांनी या ‘सामाजिक मेंदू’चा विशेष अभ्यास केला आहे.

झोप

वयात येताना शरीराचे जैविक घड्याळ पुढे सरकते. मेलाटोनिन हे झोपेशी निगडित संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागते. त्यामुळे रात्री लवकर झोप न येणे व सकाळी जाग न येणे, यांस केवळ आळस म्हणता येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने २०१९ च्या कायद्याने बहुतेक उच्च माध्यमिक शाळा सकाळी ८:३० पूर्वी भरवण्यास मनाई केली.

कायद्यातील प्रतिबिंब

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, गुन्ह्याच्या वेळी १८ वर्षांखालील असलेल्यांना मृत्युदंड देणे घटनाबाह्य ठरवले. भारतात २०१२ च्या दिल्लीतील सामूहिक बलात्कार प्रकरणात एक आरोपी १८ वर्षांखालील असल्याने या प्रश्नावर देशभर चर्चा झाली. बाल न्याय अधिनियम, २०१५ नुसार अतिगंभीर गुन्ह्यातील १६ ते १८ वर्षांच्या मुलाची मानसिक व शारीरिक क्षमता आणि परिणामांची समज बाल न्याय मंडळ प्राथमिक मूल्यांकनात तपासते. त्यानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालवण्याची गरज वाटल्यास प्रकरण बालन्यायालयाकडे पाठवता येते. मृत्युदंड मात्र देता येत नाही.

येथे संशोधनाचा आधार दोन्ही बाजूंनी घेतला जातो. भारतासह ११ देशांत झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार शांतपणे विचार करण्याची क्षमता साधारण १६ व्या वर्षी प्रौढांइतकी होते. भावनांच्या भरात स्वतःला आवरण्याची क्षमता मात्र १८ नंतरही विकसित होत राहते. त्यामुळे मंडळासमोर बसलेल्या मुलाला परिणाम कळतात का आणि सोबत्यांच्या दबावाखाली त्या क्षणी तो थांबू शकला असता का, हे दोन वेगळे प्रश्न ठरतात.

मर्यादा व गैरसमज

‘मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण परिपक्व होतो’ हे विधान लोकप्रिय असले, तरी अशी निश्चित सीमारेषा संशोधनातून सिद्ध झालेली नाही. मेंदूचे निरनिराळे भाग निरनिराळ्या वयात स्थिरावतात व व्यक्तिभेदही मोठा असतो. अभ्यासातील आकडे गटांच्या सरासरीचे असतात. त्यांवरून एखाद्या विशिष्ट मुलाची परिपक्वता ठरवता येत नाही. तसेच बरेचसे संशोधन अमेरिका व युरोपमधील मुलांवर झालेले आहे. शालेय शिक्षण, श्रम, विवाहाचे वय व कुटुंबरचना यांनुसार या अवस्थेचे सामाजिक स्वरूप बदलत असल्याने त्याचे निष्कर्ष इतर समाजांना जसेच्या तसे लावता येत नाहीत.