पिंजणे, छेडणे आणि थट्टा

अहिल्यानगर जिल्ह्यात पारनेर-संगमनेरच्या माळरानांवर मेंढरे राखली जातात. कातरलेली लोकर आधी पिंजावी लागते. गुंता मोकळा झाल्याशिवाय सूत निघत नाही आणि सुताशिवाय घोंगडी नाही. इंग्रजीतील ‘टीझ’ या क्रियापदाचे मूळ याच कामात आहे. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ लोकरीचे तंतू ओढून सुटे करणे असा होता. माणसाला बारीक चिमटे काढून हैराण करणे हा अर्थ त्याला १७व्या शतकात येऊन मिळाला. ‘हेकल’चेही तेच. जवसाचे तंतू विंचरण्याची ही दातेरी फणी. पुढे स्कॉटलंडमध्ये निवडणुकीच्या उमेदवाराला भर सभेत आडवेतिडवे प्रश्न विचारणे म्हणजे ‘हेकल’ करणे झाले.

मराठी ‘पिंजणे’ या वाटेने गेले नाही. आपण गाव पिंजून काढतो ते शोधासाठी, कुणाला छळण्यासाठी नव्हे. आपल्याकडे हे काम ‘छेडणे’ने केले. तार छेडली की स्वर निघतो, माणसाची छेड काढली की राग. ‘चेष्टा’ हा तर संस्कृतात निव्वळ हालचाल, अंगविक्षेप. मराठीत मात्र तो थट्टेच्या पंगतीला बसला. ‘मस्करी’ अरबी ‘मस्खरा’पासून फारसीमार्गे आली. (युरोपातील ‘मास्क’चे मूळही काही जण त्याच शब्दात शोधतात, त्यावर एकमत नाही.) या सर्वांत ‘थट्टा’ सर्वांत निरुपद्रवी. तिच्यात दोघेही हसू शकतात; ‘टवाळी’त एकच जण हसतो.

अडचण येते ती सौम्य शब्द कठोर कृत्यावर पांघरला जातो तेव्हा. भारतीय इंग्रजीने घडवलेला ‘ईव्ह टीझिंग’ हा जोडशब्द आणि आपला ‘छेडछाड’ यांनी स्त्रियांवरील अत्याचाराला अनेक दशके खोडीचा दर्जा दिला. २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंडसंहितेत ३५४-अ ते ३५४-ड ही कलमे आली आणि लैंगिक छळ, पाठलाग अशी थेट नावे दिली गेली. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय न्याय संहितेत आहेत. महाराष्ट्राच्या १९९९ च्या रॅगिंगबंदी कायद्याने मात्र वेगळी रीत स्वीकारली होती. त्याने ‘टीझिंग’ हा शब्द टाळला नाही; धमकी आणि इजा यांच्याच ओळीत, रॅगिंगच्या व्याख्येत, त्याला बसवले. ‘गंमत केली, सर’ असे सांगत प्राचार्यांसमोर उभ्या राहणाऱ्या मुलाला ती व्याख्या एकदा मोठ्याने वाचायला लावावी.