भीमथडीचे तट्टू आणि त्याचे पोशिंदे

वऱ्हाडातल्या श्रोत्यांना ‘थडी’ हा शब्द नवा नाही. पूर्णेच्या काठची ती भुरकट रंगाची पूर्णाथडी म्हैस अकोला-अमरावतीकडच्या पुष्कळ गोठ्यांतून दिसते. थडी म्हणजे नदीचा काठ. ज्या काठाने जनावर पोसले, त्या काठाचे नाव त्याला चिकटले. आज आम्ही अशाच एका दुसऱ्या थडीच्या जनावराबद्दल बोलणार आहोत. ते म्हणजे भीमथडीचे तट्टू. कामगार चळवळीतल्या माणसांनी घोड्यावर काय बोलावे, असे कोणी विचारील. परंतु ह्या तट्टाचा इतिहास हा मुळात राबणाऱ्यांचाच इतिहास आहे, असे आमचे म्हणणे आहे.

भीमा नदी भीमाशंकराच्या डोंगरात उगम पावते आणि पुढे पुणे, अहिल्यानगर, सोलापूर ह्या जिल्ह्यांच्या अवर्षणी मुलखातून वाहते. ह्या मुलखात अंगाने लहान पण काटक अशी देशी तट्टे पूर्वापार होती. पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांतून अरबी घोडे दख्खनच्या सुलतानांकडे येत. तुर्की रक्ताचे घोडेही येत. त्या रक्ताचा देशी तट्टांशी संकर होत गेला, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत मराठ्यांच्या स्वारीने ह्या जातीला तिचे रूप दिले. उंची बेताची, पाय मजबूत, खूर टणक, चारा मिळेल तो गोड. अरबी घोड्याचा डौल तिच्यात नाही, हे कबूल. पण मुक्कामाला दाणा मिळेलच असा भरवसा नसताना खडकाळ वाटेने मजलामागून मजला मारायची, तर डौलापेक्षा दम मोलाचा.

हा दम कोणाच्या जिवावर टिकत होता? सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगिराचा घोडा सरकारचा, शिलेदाराचा स्वतःचा, हा भेद शाळेत सगळ्यांनी वाचलेला असतो. पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. ते त्या पागेच्या हिशेबात स्वारांइतकेच मोजलेले होते, ही गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते.

ह्या घोडदळांच्या उतरत्या काळाशी वऱ्हाडचा जवळचा संबंध आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे घोडदळ इंग्रजांपुढे हरले. १५ डिसेंबरला गाविलगड पडला. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि हजारो शिलेदार बेकार झाले. स्वार गेला, तशी तट्टाची मागणीही गेली. पुढे १८५३ साली निजामाने हैद्राबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड प्रांत कंपनीच्या हवाली केला. फौज इंग्रजांच्या हुकमातली, तिचा खर्च मात्र इथल्या काळ्या मातीतून निघू लागला.

मग हे तट्टू जगले कसे? ते धनगराने जगवले. मेंढ्यांच्या कळपामागे बिऱ्हाड घेऊन वर्षातले कित्येक महिने हिंडणाऱ्या धनगराला ओझ्याचे जनावर हवे होते. तंबू, भांडीकुंडी, कोकरे, कधी लहान मूलही त्या पाठीवर बसले. मोहिमेचा घोडा बिऱ्हाडाचा घोडा झाला, म्हणून त्याचा वंश तुटला नाही. तरीही सरकारी दफ्तरात स्वतंत्र जात म्हणून त्याची नोंद व्हायला ह्या शतकाचे तिसरे दशक उजाडावे लागले. राजा बढे यांच्या ज्या गीतात त्याचे नाव आहे, त्याला राज्यगीताचा मान मिळाला तोही २०२३ साली.

पोलंडात असेच घडले. तिथल्या शेतकऱ्यांच्या लहान घोड्याला कोनिक म्हणतात. शब्दाचा अर्थच ‘छोटा घोडा’. रंग उंदरासारखा करडा, पाठीवर काळसर पट्टा. ताडेउश वेतुलानी ह्या शास्त्रज्ञाने त्यात लुप्त झालेल्या रानघोड्याचा अंश पाहिला आणि १९३६ साली ब्यावोव्हिएझाच्या जंगलात त्याची पैदास सुरू केली. रानघोड्याशी त्याचे काही खास नाते असल्याचे पुढच्या आनुवंशिक अभ्यासांतून दिसले नाही. म्हणजे त्याचे खरे कुळ शेतकऱ्याच्या गोठ्यातलेच. आम्हांस त्यात कमीपणा वाटत नाही.

नोंद झाली, हे चांगलेच झाले. पण नोंदीने पोट भरत नाही. पूर्वीची माळराने नांगराखाली, कारखान्यांखाली आणि वसाहतींखाली गेली. आपल्या वऱ्हाडात गावोगावच्या ई-क्लास जमिनींचे काय झाले, ते तुम्ही जाणताच. बिऱ्हाडाच्या सामानासाठी आता टेम्पो येतो, आणि धनगराची मुले ह्या धंद्यात राहायला तयार नाहीत. त्यांना दोष कसा द्यावा? तट्टू वाचवायचे असेल तर चराईचा हक्क, वाटेवर जनावरांचा डॉक्टर आणि धनगराच्या मुलांसाठी शाळा, ह्या तीन गोष्टी आधी मागितल्या पाहिजेत. पखालजी आणि नालबंद यांना पागेच्या हिशेबात जागा होती. आजच्या हिशेबात धनगराची जागा कोणती, हे सरकारला विचारण्याचे काम तुम्हाआम्हां सर्वांचे आहे.