टिकवण्यासाठी घातलेली साखर



पावाच्या पिठात यीस्ट घातलं की पीठ फुगतं. हे काम जिवंत यीस्ट करतं, की त्याच्यातलं एखादं रसायन? यावरून एकोणिसाव्या शतकात दोन दिग्गज भांडले. लीबिग म्हणायचा, ही निव्वळ रासायनिक क्रिया. पाश्चर म्हणायचा, जिवंत पेशीशिवाय साखरेची दारू होत नाही. प्रयोग पाश्चरच्या बाजूने होते, त्यामुळे त्याचंच म्हणणं टिकलं. पेशीत काही खास 'प्राणशक्ती' असते, असं मानणाऱ्यांचंही फावलं.

पाश्चर १८९५ मध्ये गेला. पुढच्याच वर्षी म्युनिकमध्ये हान्स बुखनर या जंतुशास्त्रज्ञाला औषधी उपयोगासाठी पेशींच्या आतला रस हवा होता. त्याच्या प्रयोगशाळेत यीस्ट वाळूबरोबर खलून, कापडात बांधून दाबयंत्राखाली पिळलं. पण रस लगेच नासायचा. मग आपण मुरंब्यासाठी करतो तेच केलं: भरपूर साखर घातली.

रसातून बुडबुडे यायला लागले!

हान्सचा धाकटा भाऊ एडुआर्ड रसायनशास्त्रज्ञ होता. 'रस बिघडला' म्हणून त्याने तो ओतून दिला नाही. तपासलं तर कार्बन डायॉक्साईड आणि अल्कोहोल तयार होत होतं, आणि तेही जिवंत पेशी नसताना. १८९७ मध्ये त्याने हे छापलं आणि रसातल्या करामती पदार्थाला 'झायमेज' नाव दिलं. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

पुढे कळलं की झायमेज हा एक पदार्थ नाहीच, ती डझनभर एन्झाईम्सची (आपल्या पुस्तकांतली 'विकरं') साखळी आहे. प्रत्येकाकडे एकच काम. त्याच्या खाचेत ठरावीक रेणू बसतो, क्रियेसाठी चढावा लागणारा ऊर्जेचा घाट तिथे बुटका होतो, आणि काम झालं की एन्झाईम पुढच्या रेणूसाठी जसंच्या तसं मोकळं. साखळीच्या पहिल्या दहा पायऱ्या आपल्या स्नायूंतही चालतात. म्हणजे जिना चढताना आपण यीस्टचाच कारखाना चालवत असतो, फक्त शेवटी दारू निघत नाही :-)

पाश्चरचे प्रयोग चुकीचे नव्हते. यीस्टमधली एन्झाईम्स जिवंत पेशीच बनवते. पण बनलेलं एन्झाईम पेशी फुटल्यावरही काम करतं, हे त्याला दिसलं नाही. पेशीतली क्रिया परीक्षानळीत अभ्यासता येते हे तिथून पक्कं झालं, आणि जीवरसायनशास्त्र त्यावरच उभं राहिलं.

एडुआर्ड बुखनर पहिल्या महायुद्धात रुमानियाच्या आघाडीवर जखमी झाला आणि ऑगस्ट १९१७ मध्ये वारला. तेव्हा तो ५७ वर्षांचा होता.

चू. भू. द्या. घ्या.