कापडाची परीक्षा

दुकानात कापड घेताना आपल्याकडच्या जुन्या बायका ते आधी दोन बोटांत चोळून पाहत. मग उजेडाकडे धरत, काठ उलटा करून बघत आणि एखादी दशी ओढून पाहिल्याखेरीज भाव विचारत नसत. यातल्या अनेकींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. तरीही सूत कोणते, वीण घट्ट की विरळ, रंग टिकेल की पहिल्याच धुण्यात जाईल, हे त्यांना सांगता येत असे. कापडाची ही खरी परीक्षा. शाळेत कापडाची आणि नक्षीची परीक्षा घेतली जाते ती मात्र फार वेगळी आहे, आणि ती तशी का झाली याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

राजगुरुनगरचे, म्हणजे जुन्या खेडचे, उदाहरण घेऊ. खेड, चाकण, आळंदी या भागातल्या शाळांमधली मुले-मुली, राज्यातल्या इतर लाखो विद्यार्थ्यांप्रमाणेच, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांना बसतात. एलिमेंटरीला वस्तुचित्र असते, इंटरमिजिएटला त्या जागी स्थिरचित्र येते. शिवाय स्मरणचित्र, भूमिती, अक्षरलेखन आणि संकल्पचित्र. संकल्पचित्र म्हणजे मुलांच्या भाषेत डिझाइनचा पेपर. दिलेल्या आकारात फुले, पाने, पक्षी किंवा भौमितिक आकार बसवायचे आणि रंगसंगती साधून तो भरायचा. या परीक्षेला आता व्यवहारातही किंमत आली आहे. इंटरमिजिएटमध्ये अ श्रेणी मिळाली तर दहावीला ७, ब श्रेणीला ५ आणि क श्रेणीला ३ वाढीव गुण मिळतात.

आपल्या राज्यात शाळकरी मुलांची नक्षीची जाण सर्वांत मोठ्या प्रमाणावर कुठे मोजली जाते, असे विचारले तर उत्तर हेच येईल: संकल्पचित्राच्या कागदावर. या कागदावर साडीचा काठ असू शकतो, चादरीची नक्षी असू शकते. पण तिथे कापड नसते.

याचे मूळ शोधायला १८५१ च्या लंडनमध्ये जावे लागते. त्या वर्षीच्या मोठ्या जागतिक प्रदर्शनात भारतीय कापडाने इंग्रज जाणकारांना चकित केले. यंत्राने काढलेल्या त्यांच्या नक्षीत भडकपणा होता. आपल्याकडच्या विणकराच्या आणि छिप्याच्या कामात संयम होता. ओवेन जोन्स यांनी १८५६ साली अलंकरणाच्या व्याकरणावर जो प्रसिद्ध ग्रंथ काढला, त्यात भारतीय नक्षीची मनापासून वाखाणणी केली. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई यांच्या १ लाख रुपयांच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले. हेतू असा की इथल्या कारागिरांच्या मुलांना शास्त्रशुद्ध चित्रकला शिकवावी आणि देशी कलाकौशल्य टिकवावे.

त्याच काळात मुंबईत दुसरीही एक गोष्ट घडत होती. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली होती. आणि तिकडे लंडनमध्ये जॉन फोर्ब्स वॉटसन या अधिकाऱ्याने १८६६ मध्ये भारतीय कापडाच्या नमुन्यांचा एक विलक्षण संग्रह सिद्ध केला: १८ खंड, ७०० नमुने. असे २० संच तयार झाले. त्यांतले १३ ब्रिटनमध्ये ठेवले गेले, ७ भारतात आले. पागोटे किती लांब असते, लुगडे कसे नेसतात, काठ कुठे येतो, पदर कुठे येतो, ही सारी माहिती वॉटसन यांनी सोबतच्या ग्रंथात बारकाईने दिली. विलायतेच्या कारखानदाराला इथला माल इथल्या माणसाच्या पसंतीप्रमाणे बनवता यावा, हा त्यामागचा हिशेब होता. गंमत पाहा, मँचेस्टरच्या कारखानदारापुढे खरे कापड ठेवले गेले आणि मुंबईच्या विद्यार्थ्यापुढे ड्रॉइंगचा कागद.

हा कागद लंडनच्या साऊथ केन्सिंगटनहून आलेल्या अभ्यासक्रमाचा होता. आधी रेषा, मग छापील नमुन्याची नक्कल, मग भूमिती, मग छायाप्रकाश, अशी एकामागून एक पायरी आणि शेवटी परीक्षा. जे. जे. मधले जॉन ग्रिफिथ्स यांच्यासारखे शिक्षक या चौकटीत राहूनही फार मोठे काम करून गेले. १८७२ ते १८८५ या काळात त्यांनी विद्यार्थ्यांना अजिंठ्याला नेऊन तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती करून घेतल्या. त्या चित्रांतल्या माणसांच्या अंगावरचे पट्ट्यांचे आणि ठिपक्यांचे कापड आजही वस्त्रांचे अभ्यासक पुरावा म्हणून पाहतात. परंतु मुलांनी उतरवली ती त्या कापडाची आकृती. ते मागावर कसे उतरले असेल, हा प्रश्न वर्गाबाहेरच राहिला.

ही आकृती आणि ते कापड यांत अंतर किती? पैठणी पाहिली की कळते. पदरावरचा बांगडी मोर कागदावर काढायला अवघड नाही. कंपास फिरवला की वर्तुळ तयार. मागावर मात्र धागे दोनच दिशांनी जातात, ताणा उभा आणि बाणा आडवा. तिथे गोलाई काढायची तर ती पायऱ्यापायऱ्यांनीच येते. विणकर उभे धागे मोजतो, रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या हाताने ओवतो, आणि इतक्या धाग्यांनंतर पिवळा, इतक्यांनंतर हिरवा असा मनातल्या मनात हिशेब चालवतो. म्हणून अस्सल पैठणीचा पदर दोन्ही बाजूंनी सारखा दिसतो. तिथे नक्षी हे चित्र तर आहेच, पण त्याआधी ते गणित आहे. आपल्या संकल्पचित्राच्या पेपरात हे गणित कधी विचारले गेले नाही.

कागदी परीक्षेला नावे ठेवणे सोपे आहे. तिची बाजूही समजून घेतली पाहिजे. कागद, पेन्सिल आणि रंगपेटी एवढ्या सामग्रीवर ती खेड्यापाड्यांत घेता आली. माग प्रत्येक शाळेत नेणे अशक्य होते. एकच प्रश्नपत्रिका सर्वांना असल्यामुळे मुंबईच्या आणि खेडच्या मुलाची तुलना एका मापाने होऊ शकली. १९६५ मध्ये राज्याचे स्वतंत्र कला संचालनालय स्थापन झाल्यावर या परीक्षांना एक भक्कम छत्र मिळाले. ग्रामीण भागातली कितीतरी मुले याच वाटेने कलाशिक्षक झाली, चित्रकार झाली. प्रश्न एवढाच की, जे विचारले जाते तेच शिकवले जाते, आणि जे कधीच विचारले जात नाही ते हळूहळू ज्ञान म्हणून गणले जाणेच थांबते.

खेड तालुक्याच्या बाबतीत ही गोष्ट विशेष लागू आहे. या भागात मेंढपाळ आहेत, घोंगडी आहे. दख्खनी मेंढीची लोकर कातून, उभ्या धाग्यांना चिंचोक्याची खळ देऊन, खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणायची, हे कसब पिढ्यान् पिढ्या चालत आले. चिंचोकाच का, तर त्याने लोकरीचा धागा कडक होतो आणि विणताना तुटत नाही. हा वस्त्रशास्त्राचा उत्तम धडा आहे, पण कोणत्याही प्रश्नपत्रिकेत तो आलेला नाही.

दुसरा धागा मुंबईचा. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतली माणसे पोटासाठी गिरणगावात गेली. कोणी त्रासनात सूत कातले, कोणी साचाखात्यात साचे चालवले. शेजारच्या आंबेगाव तालुक्यातल्या म्हाळुंगे पडवळचे बाबू गेनू हे याच गिरणी कामगारांपैकी एक. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापडाने भरलेला ट्रक अडवताना ते त्याखाली चिरडले गेले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २३ मार्च १९३१ ला, खेडचे शिवराम हरी राजगुरू लाहोरला फासावर गेले, आणि पुढे या गावाला त्यांचे नाव मिळाले. बाबू गेनूंचे स्मरण करताना आपण त्यांच्या हौतात्म्याबद्दल बोलतो, आणि ते योग्यच आहे. पण कापड कुठून येते, ते कोण विणतो, त्याचा पैसा कोणाच्या खिशात जातो, ही समजही त्या हौतात्म्यामागे होती. ही समज गिरणीत आणि चळवळीत घडली होती.

हे ज्ञान शाळेत आणण्याचा एक धाडसी प्रयत्न महाराष्ट्राच्याच भूमीवर झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या पुढाकाराने शिक्षण परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विनोबा भावे आणि काका कालेलकर हेही तिचे सदस्य होते. समितीने सात वर्षांचा अभ्यासक्रम आखला. साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे मूलोद्योगाला दिली, आणि सूतकताई व विणकाम या उद्योगाचा अभ्यासक्रम इयत्तावार तपशिलाने मांडला. नेहमीच्या परीक्षेला पर्याय म्हणून निवडक विद्यार्थ्यांची प्रगती तपासनीसांनी प्रत्यक्ष पाहावी, असे सुचवले.

सुताची परीक्षा कशी होत असे ते समजून घेण्यासारखे आहे. चार फूट सूत म्हणजे एक तार. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची, म्हणजे ६४० तारांची, एक गुंडी. गुंडीची लांबी ठरलेली, म्हणून वजन केले की सूत किती बारीक ते कळते. गुंडी दोन तोळ्यांच्या आसपास भरली तर सूत साधारण २० नंबरचे. तीच एक तोळा भरली तर ४० नंबरचे, म्हणजे दुप्पट बारीक. मग ते सूत समान आहे की गाठीचे, पीळ पुरेसा आहे की नाही, ताण दिल्यावर तुटते का, हे पाहायचे. यात अंकगणित आले, विज्ञान आले आणि हाताची सफाईही आली. सुतावरून स्वर्ग गाठू नये म्हणतात, पण सुतावरून विद्यार्थी मात्र पुष्कळसा ओळखता येत होता.

हा प्रयोग का टिकला नाही? धोका समितीलाच दिसला होता. उत्पन्नावर फार भर दिला तर शिक्षण मागे पडेल, असा इशारा अहवालातच आहे. पुढे अनेक ठिकाणी तकली हा तासापुरता उपचार झाला. त्यात नक्षीचा, रंगाचा आनंदही कमीच होता. म्हणजे एका परीक्षेत नक्षी होती आणि कापड नव्हते, दुसरीत सूत होते आणि नक्षी जवळजवळ नव्हती. या दोन परंपरांची गाठ आपल्या शाळेत कधी पडलीच नाही.

आज उच्च माध्यमिक स्तरावर वाटा आहेत. राज्य मंडळाच्या बारावीच्या विषयांत टेक्स्टाइल्स आहे. केंद्रीय मंडळाच्या कौशल्य विषयांत टेक्स्टाइल डिझाइन आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने प्रवेशासाठी अनेक वर्षे अशीही एक चाचणी घेतली, जिच्यात उमेदवारापुढे साहित्य ठेवून काहीतरी हाताने घडवायला सांगितले जाई. पण या वाटांपर्यंत पोहोचणारी मुले थोडी. बहुसंख्य मुलांसाठी नक्षीची पहिली आणि शेवटची परीक्षा म्हणजे संकल्पचित्राचा तोच एक कागद.

त्या कागदाशेजारी वीतभर कापड ठेवता येणार नाही का? खर्च अगदी थोडा येईल. नववी-दहावीच्या मुलाला विचारावे: यातला ताणा कोणता आणि बाणा कोणता, ते किनारीवरून ओळख. भिंग घेऊन एका इंचातले धागे मोज. शिक्षकांच्या देखरेखीखाली एक धागा जाळून पाहा. कागदासारखा जळून हलकी राख झाली तर सुती, केस जळल्यासारखा वास आला तर लोकर किंवा रेशीम, वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. आणि शेवटी, तू काढलेली नक्षी चौकटीच्या कागदावर उतरव आणि ती मागावर पुन्हा पुन्हा येताना कशी जुळेल ते दाखव. ज्या मुलीची आई घरी शिलाई मशीन चालवते, तिला यातले पुष्कळ आधीच येत असेल. आजच्या परीक्षेत त्याला एकही गुण नाही.

हे भूतकाळाचे कौतुक नाही. चाकणच्या कारखान्यांतून बाहेर पडणाऱ्या मोटारीतही कापड आहे. आसनाचे कापड विणलेले किंवा गुंफलेले असते, सुरक्षापट्टा पॉलिस्टरचा विणलेला असतो आणि अपघातात फुगणारी पिशवी घट्ट विणीच्या नायलॉनची असते. ताणा आणि बाणा तोच, फक्त त्यावर आता माणसाचा जीव अवलंबून आहे.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्यानंतर ते जग मोडत गेले. त्या साच्यांवर काम केलेले, गावी परतलेले लोक आता वयाची सत्तरी ओलांडत आहेत. धाग्याचा नंबर बोटांनी ओळखणारी ही शेवटची पिढी आपल्याच आळीत, आपल्याच पडवीत बसलेली आहे. रेखाकला परीक्षेची तयारी करणाऱ्या नातवाने आपले संकल्पचित्र एकदा त्या आजोबांना दाखवावे आणि विचारावे, हे विणता येईल का? त्या उत्तराला गुण द्यायची सोय अजून आपल्याकडे झालेली नाही. ती करायला फार वेळ मात्र उरलेला नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)