बूस्टर सीट

बूस्टर सीट म्हणजे मोटारीच्या आसनावर ठेवून तीवर बालकाला बसविण्याची उंच बैठक होय. प्रौढांच्या मापाने बनविलेला सीट बेल्ट लहान मुलाच्या शरीरावर योग्य जागी यावा, हा तिचा मुख्य उद्देश असतो. तान्ह्या मुलांची पाठमोरी आसने आणि स्वतंत्र पट्टे असलेली आसने यांच्यानंतरचा, साधारणपणे चार ते बारा वर्षे या वयातील हा टप्पा आहे. अनेक देशांत ठरावीक वयापर्यंत किंवा उंचीपर्यंत तिचा वापर कायद्याने बंधनकारक आहे. मात्र वय, उंची आणि मान्यताप्राप्त मानक यांबाबतचे नियम देशागणिक निराळे असल्याने परदेशप्रवासात या विषयाला विशेष महत्त्व येते.

कार्य व प्रकार

तीनबिंदू सीट बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर आणि तिरका पट्टा खांद्याच्या मध्यावर टेकणे आवश्यक असते. ठेंगण्या मुलाच्या बाबतीत खालचा पट्टा पोटावर सरकतो आणि तिरका पट्टा गळ्याला घासतो. अपघातात असा पट्टा पोटातील अवयवांना व मणक्याला इजा करू शकतो. शिवाय गळ्याला काचतो म्हणून मूल तो पट्टा काखेखाली किंवा पाठीमागे घेते व त्याचे संरक्षण कमी होते. बूस्टर सीट मुलाला उंच करून हे दोन्ही दोष दूर करते.

तिचे पाठीसह व पाठीविना असे दोन प्रकार आहेत. पाठ असलेल्या प्रकारात डोक्याला बाजूने आधार मिळतो आणि तिरक्या पट्ट्याला वाट करून दिलेली असते. बूस्टर सीटला स्वतःचे पट्टे नसतात. त्यामुळे केवळ कमरेचा पट्टा असलेल्या जागेवर ती वापरता येत नाही.

मुलाला मांडीवर घट्ट धरले म्हणजे पुरे, हा समज चुकीचा आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलो वजनाच्या मुलाला रोखून धरण्यासाठी सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतके बळ लागते. एवढे बळ कोणाच्याही हातांत नसते.

इतिहास

तीनबिंदू सीट बेल्ट स्वीडिश अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये व्होल्वो कंपनीसाठी तयार केला. स्वीडनमधीलच बेर्टिल आल्डमन यांनी १९६० च्या दशकात, अंतराळवीरांच्या आसनांवरून स्फूर्ती घेऊन, मुलांसाठी पाठमोऱ्या आसनाची कल्पना मांडली. बूस्टर बैठक १९७० च्या दशकात प्रचारात आली. अमेरिकेतील टेनेसी राज्यात मुलांच्या आसनांसंबंधीचा कायदा १९७८ मध्ये लागू झाला. असा कायदा करणारे ते त्या देशातील पहिले राज्य होय.

विविध देशांतील नियम

युनायटेड किंग्डम : वय १२ वर्षे किंवा उंची १३५ सेंटिमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंत बालआसन आवश्यक आहे. टॅक्सीत योग्य आसन उपलब्ध नसल्यास मुलाला त्याविना, परंतु फक्त मागच्या बाजूला, बसविता येते. तीन वर्षांवरील मुलाने अशा वेळी प्रौढांचा पट्टा लावणे आवश्यक असते.

युरोपीय संघ : मूळ मर्यादा १५० सेंटिमीटर उंचीची आहे. सदस्य देशांना ती १३५ सेंटिमीटरपर्यंत उतरविण्याची मुभा आहे. जर्मनीत १२ वर्षे किंवा १५० सेंटिमीटर, तर फ्रान्समध्ये १० वर्षे ही मर्यादा आहे.

अमेरिका : नियम राज्यनिहाय आहेत. कॅलिफोर्नियात आठ वर्षांखालील मुलाला, त्याची उंची ४ फूट ९ इंच झाली नसल्यास, मागच्या बाजूला बालआसनात किंवा बूस्टर सीटवर बसवावे लागते.

ऑस्ट्रेलिया : सात वर्षे पूर्ण होईपर्यंत मान्यताप्राप्त आसन आवश्यक आहे. चार वर्षांनंतर बूस्टर सीट चालते.

सिंगापूर : १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या प्रवाशाला बालआसन किंवा बूस्टर सीट लागते. टॅक्सींना यातून सूट आहे.

मानके

आसन जवळ असणे पुरेसे नसते. ते त्या देशाने मान्य केलेल्या मानकाचे असावे लागते. युरोप व ब्रिटनमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आर ४४ किंवा आर १२९ या नियमांनुसार तपासलेली, वर्तुळातील ‘ई’ चिन्ह असलेली आसनेच वैध आहेत. भारतात विकल्या जाणाऱ्या काही आसनांवरही हे चिन्ह असते. अमेरिकेत संघीय मानक क्रमांक २१३ चे लेबल, तर कॅनडात राष्ट्रीय सुरक्षा चिन्ह लागते. ऑस्ट्रेलियात तेथील १७५४ क्रमांकाचे मानक सक्तीचे असल्याने इतर देशांतून नेलेले आसन तेथे वैध ठरत नाही. न्यूझीलंड मात्र ऑस्ट्रेलियन, युरोपीय व काही अटींवर अमेरिकी मानकही मान्य करते. म्हणून एका देशात वैध असलेले आसन दुसऱ्या देशात नेण्यापूर्वी त्यावरील लेबल तपासावे लागते.

भारतातील व महाराष्ट्रातील स्थिती

मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ अन्वये मूळ कायद्यात कलम १९४-ब समाविष्ट झाले. ते १ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आले. त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला सीट बेल्ट किंवा बालआसनाने सुरक्षित न करता वाहन चालविल्यास अथवा चालवू दिल्यास १,००० रुपये दंडाची तरतूद आहे. म्हणजे सीट बेल्ट अथवा बालआसन यांपैकी कोणताही पर्याय कायद्याला चालतो. उंचीनुसार बूस्टर सीटची वेगळी सक्ती या कलमात नाही. दुचाकीवरील नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी सुरक्षा पट्टा, शिरस्त्राण आणि ताशी ४० किलोमीटरची वेगमर्यादा हे नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहेत.

४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या आसनावरील प्रवाशांनीही पट्टा लावण्याचा विषय त्यानंतर देशभर चर्चेत आला. बालकांची बैठक बहुधा मागेच असल्याने हा विषय त्यांच्याशी थेट निगडित आहे.

सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरसारख्या गावाहून परदेशी निघालेल्या कुटुंबाचा प्रवास विमानतळापासून नव्हे, तर घराच्या दारापासून सुरू होतो. पुणे किंवा मुंबई गाठण्यासाठी राष्ट्रीय महामार्ग ४८ वरून खंबाटकी घाट ओलांडावा लागतो. भाड्याच्या गाड्यांत मागच्या पट्ट्यांची बकले अनेकदा आसनाच्या कव्हराखाली दडलेली असतात. ती निघण्यापूर्वीच काढून घेतली, तर बूस्टर सीटचा उपयोग पहिल्या टप्प्यापासूनच होतो.

परदेशप्रवासातील वापर

विमानात उड्डाणाच्या व उतरण्याच्या वेळी बूस्टर सीट वापरता येत नाही, कारण विमानातील आसनाला खांद्यावरचा पट्टा नसतो. ती सामानात न्यावी लागते. अनेक विमान कंपन्या बालआसन विनाशुल्क नेतात. भाड्याने मोटार देणाऱ्या कंपन्यांकडे स्थानिक मानकाचे आसन आगाऊ मागणी नोंदवून मिळू शकते. जेथे आपल्याकडील आसन वैध नाही, तेथे हाच मार्ग उरतो. परदेशात राहणाऱ्या मुलांकडे नातवंडांसह जाणाऱ्यांना तेथील आप्तांकडून वैध आसन तयार ठेवून घेता येते. अपघातात सापडलेले किंवा ज्याचा पूर्वेतिहास माहीत नाही असे जुने आसन मात्र वापरू नये.

बहुतेक देशांत मुलाला योग्य रीतीने बसविण्याची कायदेशीर जबाबदारी चालकावर असते. त्यामुळे आसनाअभावी टॅक्सीचालकाने प्रवासी नाकारणे हे पुष्कळदा कायद्याचे पालनच असते.

हेही पहा

सीट बेल्ट
एअरबॅग
मोटार वाहन कायदा, १९८८
रस्ता सुरक्षा